आजीपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना घेऊन अप्पू घरला सहल काढायचीय? मग हे वाचा

ग्रुपची सहल म्हटलं की हल्ली पहिलं नाव खोपोलीच्या इमॅजिकाचं निघतं. कॉलेजची पोरं असतील तर जरूर जा, पण ज्या ग्रुपमध्ये तीन वर्षांचं पिल्लू पण आहे आणि गुडघे दुखणारी आजी पण आहे त्यांना मी तरी जुनं छोटं पार्कच सांगते. पुण्याजवळ म्हणजे निगडीचं अप्पू घर. कारण सरळ आहे, मोठ्या पार्कात दिवसभराचं एकच मोठं तिकीट, राइडमध्ये बसा नाहीतर नका बसू. आणि जुन्या पार्कांमध्ये बहुतेक ठिकाणी आत जायचं तिकीट थोडं आणि पुढे जेवढ्या राइड तेवढे पैसे. म्हणजे ज्या आजोबांना फक्त बाकावर बसून नातवंडांचा आरडाओरडा ऐकायचाय त्यांचे पैसे वाया जात नाहीत आणि मुख्य म्हणजे "माझ्यासाठी उगाच खर्च नको, मी घरीच थांबते" हे वाक्य ऐकावं लागत नाही. माझ्या मते सहल काढायची ती या वाक्यासाठीच, ते कुणी म्हणू नये म्हणून.

आणि अजून एक, ही जुनी पार्कं कायम राहतीलच असं नाही. अप्पू हा १९८२ च्या दिल्ली एशियाडचा हत्ती, त्याच्या नावाने दिल्लीत प्रगती मैदानापाशी १९८४ ला अप्पू घर सुरू झालं होतं, ते २००८ ला बंद पडलं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं, मुंबईतल्या एका पूर्ण पिढीची शाळेची सहल तिथे झाली, ते पण आता बंद आहे. म्हणून निगडीचं चालू आहे तोवर मुलांना दाखवून आणा, पुढच्या वर्षी बघू असं करू नका.

तारीख कशी काढायची

बरेच लोक सगळ्यांना सुट्टी कधी आहे एवढंच बघतात आणि तिथेच गडबड होते. मे महिन्यात दुपारी बारा ते चार लोखंडी सीटवर हात टेकवत नाही, मुलं लाल होऊन जातात. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं पण जोराचा पाऊस किंवा वारा आला की मोठ्या राइड थांबवतात आणि थांबवायलाच पाहिजेत, ब्रेक ओले झाले की पकड कमी होते. मग तीस माणसं शेडखाली उभी. डिसेंबर-जानेवारी हवा सगळ्यात छान, पण त्याच दिवसात आठवड्याच्या मधल्या वारी शाळांच्या सहली येतात, एकेका शाळेच्या चार-चार बस, आणि साधारण अकरा ते तीन सगळ्या रांगा त्यांच्याच. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतला रविवार आणि गेट उघडायच्या वेळेला हजर, हे मला सगळ्यात बरं वाटतं. दुपारनंतर रविवारची गर्दी वाढते पण तोवर आपल्या मोठ्या राइड झालेल्या असतात.

पुणे-पिंपरीच्या बाहेरच्या लोकांना एक गोष्ट लक्षात येत नाही म्हणून लिहिते. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीला मुक्कामाला असते. त्या दोन दिवसात निगडी-आकुर्डी भागातली वाहतूक वळवतात, बस घेऊन जायचा विचारच करू नका. पालखीचं दर्शन घ्यायला जा, पार्कात दुसऱ्या रविवारी.

निघायच्या दोन दिवस आधी पार्कात फोन करा आणि चार प्रश्न विचारा: त्या दिवशी चालू आहे का, कुठल्या राइड दुरुस्तीला बंद आहेत, ग्रुपला सवलत किती माणसांपासून मिळते आणि बाहेरचं खाणं आत चालतं का. जुन्या पार्कात एखाद-दुसरी राइड बंद असणं हे नेहमीचंच, ते आधी कळलं तर मुलांना सांगता येतं. नाहीतर कोलंबस (ती मोठ्या झुलत्या जहाजाची राइड) कोलंबस करत आलेलं पोरगं गेटवरच रडायला लागतं.

जायचं कसं

शिवाजीनगरहून निगडी साधारण अठरा-वीस किलोमीटर, जुन्या मुंबई-पुणे हायवेने सरळ. दहा-बारा जण असाल तर बस करायची गरजच नाही. स्वारगेटहून पीसीएमसी (पिंपरी-चिंचवड महापालिका) स्टेशनपर्यंत मेट्रो आहे, तिथून पुढे निगडीच्या पीएमपी बस भरपूर मिळतात. नाहीतर पुणे-लोणावळा लोकल धरायची, आकुर्डीला उतरायचं आणि रिक्षा. मुलांना लोकलचं फार अप्रूप असतं हो, अर्धी सहल तिथेच होते. फक्त दुपारच्या वेळी लोकल कमी असतात त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा.

पंधराच्या वर माणसं असतील तर सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मिनीबस. ठरवताना सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको: किती किलोमीटर धरलेत, पार्किंग कुणाचं, किती वाजेपर्यंत गाडी आपली, उशीर झाला तर तासाला किती. आणि ड्रायव्हर दादांना माणसांच्या मोजणीत धरा, म्हणजे त्यांचा नाश्ता जेवण आपल्याबरोबरच. ते दिवसभर उन्हात गाडीत बसून असतात आणि रात्री आपल्या मुलाबाळांना तेच घरी आणणार असतात.

पैसे

पैसे आधी गोळा करा, नंतर नाही. हिशोब असा धरा की बस + प्रवेश + नाश्ता-जेवण हे सगळ्यांचं सारखं, आणि राइड ज्याच्या त्याच्या. वर दहा टक्के जास्त धरायचे, उरले तर परत. एका माणसाकडे पैसे आणि दुसऱ्याकडे वही, दोन्ही एकाकडे नको, संशय म्हणून नाही तर एकाच माणसाची सहल हिशोबात जाते म्हणून. जीपे सगळीकडे चालतं पण जुन्या पार्कात एखाद्या खिडकीवर नेट गेलं की रांग अडकते, म्हणून दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ असू द्या.

मुलांच्या बाबतीत मला एक पद्धत फार आवडते. प्रत्येक मुलाला सकाळीच ठरलेली रक्कम सांगायची, समजा पाच राइडचे पैसे, आणि कुठल्या पाच ते त्याने ठरवायचं. मग ती मुलं आधी पूर्ण पार्क फिरून बघतात, एकमेकांशी चर्चा करतात, आठ वर्षांची पोर सुद्धा नीट विचार करून ठरवते की भुताच्या घरापेक्षा डॅशिंग कार दोनदा. आणि हट्ट जवळजवळ होतच नाही. ग्रुपमध्ये कुणाची परिस्थिती जरा ओढाताणीची असेल तर त्यांच्या मुलांनाही तेवढेच पैसे, आणि ते कुणाकडून आले हे कुणाला कळायची गरज नाही.

राइडचा क्रम

आता सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी पोट हलकं असताना मोठ्या राइड, जेवण झाल्यावर तास-दीड तास काहीच नाही किंवा फक्त टॉय ट्रेन नाहीतर बोटीसारखं संथ, मग डॅशिंग कार, पाण्याच्या राइड सगळ्यात शेवटी आणि मग कोरडे कपडे घालून एकदम शेवटी आकाशपाळणा. पाण्याचं शेवटी अशासाठी की ओल्या कपड्यांनी बाकी राइडमध्ये बसता येत नाही, मुलं कुडकुडतात, आणि डॅशिंग कारमध्ये तर ओल्या पायांनी अजिबातच नको. त्या गाडीला वीज वरच्या जाळीतून आणि खालच्या लोखंडी पत्र्यातून मिळते, मागच्या दांड्याला वर ठिणग्या उडतात त्या त्याच्याच. म्हणून राइड पूर्ण थांबून माणूस सांगेपर्यंत गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही, हे मुलांना कारण देऊन सांगा, कारण कळलं की ऐकतात.

कोलंबसमध्ये टोकाच्या रांगा सगळ्यात उंच जातात आणि पोटात गोळा तिथेच येतो. घाबरणाऱ्याला अगदी मधल्या रांगेत बसवा, तीच राइड पण निम्मी सौम्य लागते. बऱ्याच बायका वर्षानुवर्षं "मला नाही झेपत" म्हणत खाली पर्सा सांभाळत उभ्या असतात, त्यांना मधे बसवून बघा एकदा! मेरी गो राउंडचं पण तसंच, बाहेरचा घोडा जास्त जोरात फिरतो, आतला हळू, लहानग्यांना आतल्या घोड्यावर.

रोलर कोस्टर वर चढताना टक टक टक टक असा आवाज येतो ना, मुलं (आणि मोठे पण) समजतात काहीतरी मोडतंय. तो आवाज गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खटक्याचा असतो, एकेका दात्यावर तो पडत जातो. म्हणजे आवाज येतोय तोवर गाडी मागे येणार नाही. हे रांगेत उभं असतानाच समजावून सांगा.

आकाशपाळण्यात तिथला माणूस तुम्हाला सलग पाळण्यांमध्ये बसवत नाही, एक इकडे एक समोर असं करतो आणि मग ग्रुपमधले काका चिडतात की आम्हाला एकत्र बसू द्या. चिडू नका, तो वजनाचा तोल सांभाळतोय, एका बाजूला सगळं वजन झालं तर चाकाच्या मोटरवर ताण येतो. दिवे लागायच्या वेळेला शेवटची फेरी घ्या. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि वरून तिन्हीसांजेचा उजेड बघायला मिळतो. आजीला पण यात बसवा, सोबत शांत डोक्याचं एक माणूस, जास्त हलवाहलवी करणारी पोरं त्या पाळण्यात नकोत.

राइड चांगली आहे का हे आपण कसं बघायचं

जुनं पार्क म्हणजे धोकादायकच असं नाही आणि नवं म्हणजे सुरक्षितच असंही नाही, देखभाल कशी आहे त्यावर सगळं असतं. रंग उडालेला असला तर काही बिघडत नाही. मी बघते ते हे. राइड चालवणारा स्वतः प्रत्येक सीटपाशी येऊन दांडी ओढून बघतो का, की लांबूनच "बसा बसा" करतो. दांडीच्या खिळीत पिन आहे का की सुतळी बांधलीय. सकाळी पहिली फेरी रिकामी फिरवतात का. चालवणारा फोनवर आहे का. बसायच्या आधी एक पूर्ण फेरी नुसती उभं राहून बघा आणि ऐका, दर फेरीला एकाच जागी खट्ट असा वेगळा आवाज येत असेल तर ती राइड सोडून द्या. सीटला टेप लावून बंद केलेली असेल तर तिथे बसायचा आग्रह नको. आणि आपल्या सीटची दांडी नीट बसली नाही तर हात वर करून मोठ्याने सांगायचं आणि उतरायचं, मागची रांग काय म्हणेल याचा विचार करायचा नाही. ही गोष्ट मुलांना घरीच शिकवून न्या.

उंचीचा बोर्ड असतो तो पाळा. "अहो दोन बोटं कमी आहे फक्त, जाऊ द्या ना" असं म्हणणारे बाबा हमखास असतात, त्यांना ग्रुपमधल्या मोठ्या माणसाने प्रेमाने बाजूला घ्यावं. दांडी मोठ्या शरीराच्या मापाची असते, लहान मूल तिच्याखालून निसटू शकतं.

गरोदर बाई, हृदयाचा किंवा बीपीचा त्रास, मान-पाठीचं दुखणं, नुकतंच मोतीबिंदूचं किंवा कुठलंही ऑपरेशन झालेलं, यांनी जोरात फिरणाऱ्या आणि धक्के देणाऱ्या राइडमध्ये बसायचं नाही. आणि ओढणी, पदर, मोकळे केस! हे मी फार कळकळीने लिहितेय. गो-कार्टमध्ये केस किंवा ओढणी मागच्या फिरत्या भागात अडकून आपल्या देशात जीव गेलेत. कुठल्याही पार्कात गो-कार्ट असेल तर केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत, ओढणी काढून बॅगेत, साडी असेल तर बसायचंच नाही. सहलीच्या मेसेजमध्येच लिहा की सगळ्या बायकांनी शक्यतो ड्रेस किंवा पँट, पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट.

गरगरणाऱ्यांसाठी: डोळे मिटू नका, लांबच्या एका जागेकडे बघा, टेकडी, झाड, काहीही. खिशात आवळा सुपारी, आल्याची वडी, लिंबू. उलटीची गोळी घ्यायची असेल तर आधीच घ्यावी लागते, राइडमधून उतरल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि तिने झोप येते म्हणून मुलांना द्यायची तर डॉक्टरना विचारूनच.

मुलं हरवू नयेत म्हणून

सकाळी बसमध्ये चढताना प्रत्येकाला एक नंबर द्या, लहान मोठे सगळ्यांना. मग मोजणी म्हणजे एकाने एक म्हणायचं, पुढच्याने दोन, कुणाचा आवाज आला नाही की लगेच कळतं तो कोण. नुसती डोकी मोजण्यात कुणीतरी दोनदा मोजलं जातं. सगळ्या मुलांचा एकत्र फोटो काढा त्याच दिवशीच्या कपड्यात, हरवलं तर कपड्यांचा रंग आईला सुद्धा आठवत नाही घाबरल्यावर. लहानांच्या मनगटावर बॉलपेनने आईचा आणि बाबांचा असे दोन नंबर, वरून पारदर्शक टेप, पाण्यात गेलं तरी पुसत नाही. दोन-दोनच्या जोड्या लावा. आणि आत गेल्या गेल्या एक ठिकाण ठरवा, सावलीचं, टॉयलेटपासून जवळ, तिथे सतरंजी आणि आजी-आजोबा. दिवसभर कुणीही कुठूनही आलं तरी तिथे आपलं माणूस आहे हे माहीत पाहिजे. पण आजी-आजोबांना राखणदार करून टाकू नका, दर तासाला कुणीतरी तरुण तिथे बसायचं आणि त्यांनी फिरून यायचं.

खाणं

बाहेरचं आत चालत नसेल तर भांडू नका, नाश्ता बसमध्येच उरका. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, सुक्या बटाट्याची भाजी, हे सगळं टिकतं आणि हाताला लागत नाही. इडली चालेल पण ओल्या खोबऱ्याची चटणी नको, दहीभात पण उन्हात नको. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा ठरवताना कोण काय ते लिहून घ्या, नाहीतर सात डबे पुऱ्यांचे आणि भाजी कुणाकडेच नाही. पाण्याचे मोठे जार बसमध्ये, कोकम सरबत नाहीतर ताक, आणि मीठ-साखर-लिंबू वेगळं ठेवा.

संध्याकाळी बाहेर पडल्यावर भेळ. यासाठी एक पातेलं, कुरमुरे, फरसाण, घरून बाटलीत भरलेली चिंचेची आणि हिरवी चटणी, कांदा टोमॅटो तिथेच चिरायचा. उन्हात दमलेल्या माणसांना गोड नको असतं, हे आंबट-तिखट पटकन संपतं. कागद, वाट्या, पिशव्या सगळं गोळा करून परत न्यायचं, एक मोठी काळी पिशवी त्यासाठीच.

जवळच दुर्गा टेकडी आहे, झाडीची छान, ज्यांना राइडमध्ये रस नाही आणि पाय चालते आहेत त्यांनी तिकडे चक्कर मारावी, उघडायची वेळ आधी विचारून. भक्ती-शक्ती चौकात शिवाजी महाराज आणि तुकोबारायांच्या भेटीचं शिल्प आहे आणि २०१८ ला उभारलेला १०७ मीटर उंच ध्वजस्तंभ, परतताना मुलांना तिथे उतरवून दाखवा. पंधरा मिनिटं पुरतात.

ग्रुपमध्ये सगळी पाचच्या आतलीच मुलं असतील तर मात्र निगडीपर्यंत जाऊ नका, सारसबागेजवळच्या पेशवे पार्कात फुलराणी आहे, १९५६ पासूनची, त्यांना तेवढं भरपूर होतं.

बरोबर काय घ्यायचं

प्रथमोपचाराची पेटी, ओआरएस, ज्यांची रोजची औषधं असतात त्यांची ती वेगळ्या डबीत नावासकट, पाण्यात खेळायला नायलॉनचे कपडे (सुती कपडे पाणी धरून जड होतात), टॉवेल, एक जादा जोड प्रत्येक मुलाचा, सॅनिटरी पॅड दोन-चार जादा कुणालाही लागतात, टोप्या, सतरंज्या, शिट्टी, पॉवर बँक, ओल्या कपड्यांना प्लास्टिकची पिशवी. सोनं घरी. चष्मा असेल तर मागे दोरी लावून घ्या, आणि राइडमध्ये मोबाइल खिशात पण नको, खाली सतरंजीवरच्या माणसाकडे.

परतीला अर्धा तास लवकरची वेळ सांगा, सातला निघायचं तर साडेसहा सांगायचं. बस सुटायच्या आधी नंबर म्हणायचे, मग सीटखाली बघायचं, बाटल्या आणि एकेक चप्पल तिथेच राहते. सगळ्यात लांब राहणाऱ्यांना आधी सोडता येईल असा रस्ता ड्रायव्हर दादांना सकाळीच सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी वहीतला हिशोब फोटो काढून ग्रुपवर टाका, उरलेले पैसे त्याच दिवशी ज्याचे त्याला परत, आणि आजी-आजोबांचे जे फोटो निघालेत ते मोबाइलवर न पाठवता चार-पाच प्रिंट काढून त्यांच्या हातात द्या.